आधी आबांचा ब्लॉक बाहेर काढा

पत्राचा सारांश: करवीर तालुक्यातल्या एका गावातून ३३ वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलं आहे. वडिलांना, म्हणजे आबांना, ५७व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. त्याआधी सात-आठ महिने शौचातून रक्त जात होतं. घरच्यांनी मूळव्याध समजून चूर्ण आणि मलमावर काढलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, तीन लिम्फ नोडमध्ये (आतड्याजवळच्या रसग्रंथींमध्ये) कॅन्सर आढळला, केमो पूर्ण झाली. आता सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन डाग दिसले आहेत. डॉक्टरांनी जुन्या ब्लॉकवर (ऑपरेशनच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) रास (केआरएएस, एनआरएएस) आणि बीरॅफ (बीआरएएफ) ही जनुकं आणि एमएसआय (पेशीतली जनुकांच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडल्याची खूण) तपासायला सांगितलं आहे. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, पाचशे जनुकांची मोठी चाचणी करा, पसरवणारं जनुक सापडेल आणि त्यावरचं औषध मिळेल. दुसरं मत घ्यायला मुंबईला गेल्यावर तिथे कॅन्सर कसा पसरतो यावरच्या जनुकीय संशोधनासाठी गाठीचा भाग आणि रक्त देणार का, असं विचारून संमतीपत्र हातात दिलं. थोरला भाऊ (वय ३६) म्हणतो, सही करायची नाही. घराण्यात दोष आहे असं कागदावर आलं तर पोरांची लग्नं अडतील. गावात बोललं जातं की चाकू लागला म्हणूनच पसरला. सही करावी का, मोठी चाचणी करावी का, आणि आमच्या उशिरामुळे हे झालं का, असं त्या विचारतात. आबांना अजून "गाठ होती, काढली" एवढंच सांगितलेलं आहे.

ताई,

घरात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी "जनुक" या एकाच नावाने बोलताय, म्हणून प्रत्येकाचं म्हणणं दुसऱ्याला आडवं जातंय. आबांच्या गाठीतल्या पेशींमध्ये गेल्या काही वर्षांत झालेले बदल ही एक गोष्ट. आबा जन्माला येताना घेऊन आले ती जनुकं, जी तुमच्यात आणि दादांमध्ये आली असू शकतात, ही दुसरी. संशोधकांना हवं असलेलं ज्ञान ही तिसरी. पहिलीवर आबांचं पुढचं औषध ठरणार आहे, तेव्हा घाई फक्त तिची आहे. बाकीच्या दोन पंधरा दिवस थांबल्या तरी काही बिघडत नाही.

चुलतभावांचं म्हणणं आधी घेते, कारण बातम्या वाचून बहुतेकांची समजूत तशीच होते. पसरवणारं एखादं जनुक असेल ही कल्पना वेडगळ नाही. १९९० मध्ये फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी आतड्यातला साधा पॉलिप (अस्तरावरचा मांसल कोंब) पायरीपायरीने कॅन्सर कसा होतो ते मांडलं: एपीसी नावाचं जनुक बिघडतं, मग केआरएएस, पुढे टीपी५३. या जिन्याची शेवटची पायरी म्हणजे पसरण्याचं जनुक असणार, असं वाटणं साहजिक होतं. पण मूळ गाठ आणि लिव्हरमधली गाठ शेजारी ठेवून वाचल्यावर मुख्य बिघाड बहुतेक रुग्णांत दोन्हीकडे तेच निघाले. सगळ्या पसरलेल्या गाठींत आहे आणि मूळ गाठीत नाही, असं एकही जनुक हाती लागलेलं नाही.

मग संशोधन नेमकं काय करतं? तुमच्या भागात हेळवी येतो, वही उघडतो आणि कुठल्या पिढीत कुणाची शाखा फुटली, कोण कुठल्या गावाला गेलं ते सांगतो. गाठींच्या बाबतीत संशोधक हेच करतात. पेशी विभागताना जनुकांत बारीकसारीक चुका होतात आणि त्या पुढच्या पेशींकडे जातात. मूळ गाठीचे वेगवेगळे कोपरे, लिम्फ नोड, लिव्हरमधले डाग, या सगळ्यांतल्या चुका जुळवल्या की कोण कुणापासून आणि साधारण कधी फुटलं ते काढता येतं. कमिला नॅक्सेरोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १७ रुग्णांच्या गाठींवर हे केलं. सुमारे ६५ टक्के रुग्णांत लिम्फ नोडमधला कॅन्सर आणि दूरच्या अवयवातला कॅन्सर मूळ गाठीच्या वेगवेगळ्या शाखांतून निघालेला होता. म्हणजे आतडं, मग नोड, मग लिव्हर अशी ठरलेली वाट नेहमी नसते. आबांच्या तीन नोडमधूनच लिव्हरमध्ये गेलं असेल असं धरता येत नाही. लिव्हरच का, याचं उत्तर तर जनुकांपेक्षा रक्तवाहिन्यांत आहे. मोठ्या आतड्याचं बहुतेक रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं. गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त मात्र लिव्हरला वळसा घालून जातं, त्यामुळे तिथल्या गाठी थेट फुप्फुसात गेलेल्या जास्त दिसतात.

गेल्या दहा वर्षांतल्या कामाचा रोख आणखी एका गोष्टीकडे आहे. पसरण्याची ताकद नव्या बिघाडापेक्षा, आहेत तीच जनुकं चालू-बंद होण्यातून जास्त येते. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्रात करुणा गणेश आणि जोन मासाग्वे यांनी २०२० मध्ये दाखवलं की पसरणाऱ्या पेशी, आतड्याचं अस्तर जखमेनंतर भरून येताना जी यंत्रणा चालू होते तीच वापरतात. त्यात एल१कॅम नावाचं प्रथिन लागतं. बार्सिलोनात एदुआर्द बाटये यांच्या गटाने २०२२ मध्ये उंदरांत आणखी पुढचं पाहिलं. आतड्यातली गाठ काढून टाकल्यावर लिव्हरमध्ये दडून राहिलेल्या थोड्या पेशींमध्ये ईएमपी१ हे जनुक जोरात चालू होतं. ऑपरेशनआधीच अशा पेशी नष्ट केल्या, तेव्हा उंदरांत कॅन्सर परतला नाही. माणसासाठी त्यावरचं औषध आज दुकानात नाही.

चुलतभावांची पाचशे जनुकांची चाचणी जनुकांतल्या अक्षरांचे बदल वाचते. कुठलं जनुक किती चालू आहे, गाठीभोवतीच्या साध्या पेशी तिला काय पुरवतायत, हे त्या रिपोर्टमध्ये सहसा नसतंच. पसरवणारं जनुक शोधायला ती चाचणी केली, तर पैसे जातील आणि उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या कारणाने ती कधी करावी, ते पुढे सांगते.

आता उशिराबद्दल. तुम्ही पत्रात हे शेवटी लिहिलंय, पण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचतंय असं दिसतं. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना कर्टिस यांच्या गटाने वर सांगितल्यासारखीच वंशावळ मांडून हिशेब केला, तेव्हा सुमारे ८० टक्के रुग्णांत पेशी फार लवकर बाहेर पडल्या होत्या असं निघालं. मूळ गाठ तेव्हा दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास असेल, कुठल्याही तपासणीत सहज न दिसणारी. आबांचं रक्त जायला लागलं त्याच्या बऱ्याच आधी. म्हणून लिव्हरचे हे दोन डाग त्या सात-आठ महिन्यांच्या चूर्णामुळेच झाले असं कुणी म्हणू शकत नाही, आणि चाकू लागल्यामुळे झाले हे तर नाहीच. ऑपरेशनच्या वेळी त्या पेशी बहुधा लिव्हरमध्ये आधीच होत्या, फक्त स्कॅनवर दिसण्याइतक्या वाढलेल्या नव्हत्या. गाठ काढली नसती तर आतडं अडकणं, रक्तस्राव, हे सगळं आबांच्या वाट्याला आलं असतं.

पण या आकड्यातून उलटा अर्थ काढू नका, आणि गावात कुणाला काढू देऊ नका. तो अभ्यास ज्यांचा कॅन्सर पसरला त्यांच्यावरच झाला. ज्यांची गाठ वेळेत निघाली आणि पुढे कधीच पसरली नाही, असे असंख्य लोक त्यात नाहीत. चाळिशीनंतर शौचातून रक्त गेलं, शौचाची सवय बदलली किंवा रक्त कमी भरलं तर मूळव्याध आहे असं ठरवण्याआधी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायची, यात काही बदललेलं नाही.

कामाला लागू. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या चाचण्या ब्लॉकवर होतात. ब्लॉक म्हणजे काड्यापेटीएवढ्या प्लॅस्टिकच्या जाळीदार कॅसेटवर मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. कडेला नंबर लिहिलेला असतो. ऑपरेशन एका रुग्णालयात आणि पॅथॉलॉजी दुसऱ्याच लॅबमध्ये, असं कोल्हापुरात पुष्कळदा होतं. म्हणून हिस्टोपॅथॉलॉजी (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीच्या) रिपोर्टवर कुणाचं नाव आहे ते आधी बघा आणि तिथेच जा. सोबत त्या रिपोर्टची प्रत, डिस्चार्ज कार्ड, आबांचं आणि तुमचं ओळखपत्र, आणि दोन ओळींचा अर्ज. "ब्लॉक द्या" एवढंच म्हणू नका. एका ऑपरेशनचे दहा-पंधरा ब्लॉक असतात. त्यात कडेचे असतात, नोडचे असतात, निरोगी आतड्याचे असतात. तिथल्या पॅथॉलॉजिस्टना सांगा की ज्यात गाठीच्या जिवंत पेशी सगळ्यात जास्त आणि कुजलेला भाग सगळ्यात कमी, तो ब्लॉक आणि त्याच्या गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या स्लाईड द्या. त्यावर पेशींचं प्रमाण लिहून घेतलंत तर उत्तम. बऱ्याच लॅबना किमान २० टक्के गाठीच्या पेशी लागतात. गाठ चिकट, श्लेष्मल प्रकारची असेल तर ब्लॉक मोठा दिसतो, पण पेशी थोड्याच असतात. कोलोनोस्कोपीच्या वेळच्या बारक्या तुकड्यापेक्षा ऑपरेशनचा ब्लॉक बरा.

ब्लॉकऐवजी स्लाईडच मागितल्या तर न रंगवलेल्या दहा-बारा, ४ ते ५ मायक्रॉन जाडीच्या घ्या. प्रथिनांच्या तपासणीसाठीच्या स्लाईडची काच विशेष लेप दिलेली हवी; साध्या काचेवरून तुकडा धुताना सुटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ब्लॉकचं मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं, तेव्हा एप्रिलच्या उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवू नका. फ्रिजचीही गरज नाही. जाड कागदात गुंडाळून डब्यात, हातातल्या पिशवीत. लॅबला देताना पावतीवर ब्लॉकचा नंबर आणि "उरलेला ब्लॉक परत" हे लिहून घ्या. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण संशोधनाचा विषय येईल तेव्हा त्याचं महत्त्व कळेल.

इथे बिघडतं कसं, तेही सांगते. ऑपरेशननंतर तुकडा टिकवण्यासाठी तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा. साध्या, बफर नसलेल्या फॉर्मलिनमध्ये पडला, किंवा सुट्ट्यांत दिवसच्या दिवस तसाच राहिला, तर डीएनए तुटतो आणि कधी खोटे बदलही दिसतात. असा ब्लॉक नंतर दुरुस्त होत नाही. लॅब "नमुना अपुरा" असं कळवते. अपुरा म्हणजे निगेटिव्ह नव्हे. हा घोटाळा घरोघरी होतो. तेव्हा दुसरा ब्लॉक द्यायचा, नाहीतर लिव्हरचं ऑपरेशन ठरलं तर त्या गाठीवर चाचणी करायची, नाहीतर रक्तातल्या डीएनएची चाचणी. "बदल आढळला नाही" असं आलं तरी रिपोर्टवर पेशींचं प्रमाण किती लिहिलंय ते वाचा. पाच-दहा टक्के असेल तर त्या निकालावर फार भिस्त ठेवू नका आणि डॉक्टरांना ते दाखवा.

निकाल काय बदलतो? केआरएएस किंवा एनआरएएसमध्ये बदल निम्म्याच्या आसपास रुग्णांत असतो. तो असेल तर सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही औषधं चालत नाहीत. देऊन उपयोग नाही आणि खर्च मोठा. बदल नसेल, तर आबांची गाठ डाव्या बाजूची असल्यामुळे याच औषधांचा विचार पहिल्यांदा होतो. बीआरएएफचा व्ही६००ई हा बदल शंभरात आठ-दहा जणांना असतो. आजार तेव्हा जास्त आक्रमक असतो, पण त्याच्यासाठी एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब अशी जोडी आहे. एमएसआय जास्त असलेले, पसरलेल्या आजारात शंभरात चार-पाचच. पण त्यांच्यात पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध) केमोपेक्षा सरस ठरली आहे. म्हणून कुणीही कितीही घाई केली तरी ही एक चाचणी वगळू नका.

रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर केमो सुरू करायची वेळ आली तर ती थांबवायची नसते. जोडीचं औषध पुढच्या फेरीत घालता येतं. त्याआधी एक प्रश्न मात्र नक्की विचारा: हे दोन डाग ऑपरेशनने काढता येतील का, आणि लिव्हरच्या सर्जननी सीटी आणि एमआरआय पाहिलाय का? फक्त लिव्हरमध्ये मोजके डाग असतील आणि ते काढता आले, तर निवडक रुग्णांत पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं. लिव्हरमध्ये गेला म्हणजे संपलं, हे या आजारात खरं नाही. केमोने डाग स्कॅनवरून नाहीसे झाले तर आनंद वाटतो, पण तिथे पेशी पुष्कळदा उरलेल्या असतात आणि सर्जनना जागा सापडत नाही. म्हणून सर्जनचं मत केमोनंतर नको, केमोआधी हवं.

मोठी चाचणी केव्हा? रास आणि बीरॅफ दोन्हींत बदल नसेल तर एचईआर२ हे जनुक बघायला, पहिल्या-दुसऱ्या औषधांनी काम करणं सोडलं तर, किंवा एखाद्या नव्या औषधाच्या रुग्णांवरच्या ट्रायलमध्ये नाव घालायचं असेल तर. केआरएएसमधला जी१२सी हा प्रकार तीन-चार टक्क्यांतच असतो. त्याच्यासाठीच्या जोड्यांना अमेरिकेत २०२४ आणि २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, पण साध्या रास चाचणीतही तो कळतो. चुलतभावांना एकच विचारायला सांगा: या पाचशेंपैकी कुठल्या निकालाने आबांचं पुढच्या तीन महिन्यांचं औषध बदलेल? डॉक्टरांनी नाव घेऊन उत्तर दिलं तर करा. नाहीतर ते पैसे लिव्हरच्या ऑपरेशनसाठी, नाहीतर मुंबईला राहण्या-जेवण्यासाठी ठेवा. उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते का आणि त्यात चाचणीचा खर्च बसतो का, हे सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातल्या किंवा योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. चाचणी करून पावती नेली तर उशीर झालेला असतो.

ज्यांच्या घरी नुकतंच ऑपरेशन झालंय आणि डाग कुठेच नाहीत, त्यांच्यासाठी दोन ओळी. रक्तात फिरणारा गाठीचा डीएनए तपासून केमो कुणाला लागेल ते ठरवायचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला. आजाराच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ४५५ रुग्णांवरच्या त्या अभ्यासात, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, केमो घेणारे २८ वरून १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. आबांना या चाचणीचा आता उपयोग नाही. डाग डोळ्यांना दिसतायत.

दादांच्या भीतीची चेष्टा करू नका. ती अगदी निराधार नाही. गाठीतला केआरएएस, बीआरएएफचा बदल मुलांकडे जात नाही. तो त्या पेशींपुरता. पण शंभरातल्या तीनेक रुग्णांत लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष, असतो, आणि तो जन्मजात असतो. प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. आणि याचं उत्तर त्याच ब्लॉकवर, त्याच एमएसआयच्या किंवा एमएमआर प्रथिनांच्या (त्याच दुरुस्ती-यंत्रणेतल्या) तपासणीत मिळतं. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चारही प्रथिनं शाबूत आली तर लिंचची शक्यता फारच कमी होते, आणि दादांचा प्रश्न बहुतांशी तिथेच मिटतो. एमएलएच१ आणि पीएमएस२ गायब असतील तर आधी बीआरएएफ बघायचं. त्यात व्ही६००ई असेल तर हा बिघाड गाठीपुरता, जन्मजात नाही. नसेल, किंवा एमएसएच२-एमएसएच६ गायब असतील, तर जनुकीय सल्लागाराला भेटून आबांच्या रक्ताची तपासणी करायची. पहिलं रक्त आबांचं. मुलांचं त्यानंतर, आणि आबांमध्ये नेमका बदल सापडला तरच. या रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित" असा शेरा आला तर त्यावरून घरात कुणाचीही तपासणी करायची नाही, कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

लिंच नसला तरी तुम्ही दोघं मोकळे नाही. वडिलांना साठीच्या आत हा आजार झाला, म्हणून तुम्हा दोघांना चाळिसाव्या वर्षी पहिली कोलोनोस्कोपी आणि मग दर पाच वर्षांनी. आबांच्या सख्ख्या भाऊ-बहिणींनी आत्ताच. लिंच निघाला तर मात्र २०-२५ वर्षांपासून, दर एक-दोन वर्षांनी. पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढतात, म्हणजे ही तपासणी कॅन्सर शोधते त्याहून जास्त तो होऊ देत नाही. लग्नाची काळजी असलेल्या घराने हे लक्षात घ्यायला हवं. तपासणी फुकट जाते ती पोट साफ नसल्यामुळे. औषधाचा दुसरा अर्धा डोस तपासणीच्या चार-सहा तास आधी घ्यायचा असतो. गावाहून सकाळची एसटी धरायची म्हणून लोक तो गाळतात, आणि डॉक्टरांना नेमका उजवा कोपरा दिसत नाही. दुपारची वेळ मागून घ्या. आधीचे दोन-तीन दिवस पेरू, टोमॅटो, गवार, नाचणी बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ, आणि त्यात लाल काही नको. तांबडा रस्सा त्या दिवशी पातळ पदार्थांत मोडत नाही, हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागतं.

आता संमतीपत्र. संशोधकांना गाठीबरोबर रक्त का हवं, तर रक्तातली जन्मजात जनुकं वजा केल्याशिवाय गाठीतले नवे बदल वेगळे काढता येत नाहीत. म्हणजे दादांना वाटतं तसं आबांची जन्मजात माहितीही त्यांच्याकडे जाणार, हे खरं आहे. म्हणून माहितीपत्रक मराठीतून मागा आणि त्यात या गोष्टी शोधा: नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणार का आणि त्याची किल्ली कुणाकडे राहणार, नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या संशोधनाला किंवा परदेशी पाठवणार का, लिंचसारखं काही योगायोगाने सापडलं तर कळवणार का. बऱ्याच पत्रकांत या शेवटच्या प्रश्नाला "कळवा" आणि "कळवू नका" असे दोन पर्याय असतात. कुटुंबाने त्यावर एकदा बसून बोलावं. आमच्या मते "कळवा" हेच बरं, पण "कळवू नका" निवडायचा हक्क पुरता आहे.

त्याहून महत्त्वाचं, गाठीचा कुठला भाग मागतायत. ऑपरेशननंतर रिपोर्टसाठी वापरून उरलेला भाग असेल तर आबांना जादा इजा नाही. लिव्हरमध्ये फक्त संशोधनासाठी वेगळी सुई घालणार असतील, तर रक्तस्रावाचा धोका थोडा का होईना असतो, आणि तिथे नाही म्हणायला संकोच नको. जुना ब्लॉक मागत असतील तर आधी उपचाराच्या चाचण्या पूर्ण होऊ द्या. पेशी मोजक्या असतात. संशोधनाने ब्लॉक कापून संपवला आणि पुढच्या वर्षी नव्या औषधासाठी चाचणी करायची झाली, तर काही उरत नाही. "उपचाराला पुरेल एवढा भाग राखून" हे शब्द कागदावर हवेत. पैसे कुणी मागत असेल तर ते संशोधन नाही, चाचणी विकणं आहे. आणि निकालातून आबांचं औषध ठरेल असं कुणी तोंडी सांगितलं असेल तर ते लिहून मागा; बहुधा लिहून मिळणार नाही. अशा कामाचं फळ पाच-दहा वर्षांनी, दुसऱ्या कुणाच्या आबांना मिळतं. ते पुरेसं वाटलं तर द्यायचं.

पण सही करू का, हा प्रश्न तुमचा नाही, दादांचाही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांनुसार शुद्धीवर असलेल्या, समजत असलेल्या माणसाची संमती त्याची त्यालाच द्यावी लागते. तुमच्या एवढ्या लांब पत्रात सगळ्यांची मतं आहेत, आबांचं एक वाक्य नाही. आजाराचं नाव ज्यांना सांगितलेलं नाही, त्यांच्याकडून कॅन्सरच्या संशोधनाची सही घेता येत नाही, आणि त्यांच्या नावाने तुम्ही करायची तर नाहीच. शिवाय केमोच्या खुर्चीवर महिनोन्‌महिने बसलेल्या माणसाला काय चाललंय ते कळत नसेल, असं धरून चालू नका. अशी माणसं बहुतेक वेळा घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प असतात.

महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायच्या आदल्या रात्री नको, त्याच्या दोन-तीन दिवस आधी दादांना सोबत घेऊन बसा. "आबा, आजाराबद्दल तुम्हाला सगळं ऐकायचंय का, की आम्ही बघू?" इथून सुरुवात करा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. "सांगा" म्हणाले तर साध्या शब्दांत सांगा: कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये दोन ठिकाणी दिसतोय, औषध ठरवायला जुन्या गाठीची तपासणी चालू आहे. बाकी डॉक्टरांसमोर. "तुम्हीच बघा" म्हणाले तर उपचाराच्या चाचण्या त्यांच्या होकारावर पुढे न्या, आणि संशोधनाचा कागद सही न करता परत द्या; उपचार त्याच डॉक्टरांकडे, त्याच तारखेला चालू राहतात. सगळं ऐकून ते द्यायला तयार झाले, तर सही त्यांना करू द्या आणि सही केलेल्या संमतीपत्राची व माहितीपत्रकाची एकेक प्रत घरी आणा. माहितीपत्रकावर संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या आचार समितीचा फोन असतो. नंतर विचार बदलला तर त्या नंबरवर कळवून नमुना मागे मागता येतो.